अण्णांचा दुपारचा डबा: दहा महिन्यांचा अनुभव

डोंबिवली पूर्वेला, एका जुन्या तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर हा डबा मिळतो. दोघी जावा मिळून चालवतात. थोरल्या मालवणच्या, धाकट्या वाईच्या. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण त्या दिवसाला पंचेचाळीसच डबे करतात आणि त्याच्यावर एकही वाढवत नाहीत. मी लिहिणार आहे असं सांगितलं तेव्हा धाकट्या म्हणाल्या, "लिहा ताई, पण नाव नको. फोन घेत बसले तर पोळ्या कोण भाजणार?"

साठीच्या पुढच्या माणसांसाठीच हा डबा आहे. मीठ-तेल मोजून, रोज एक पालेभाजी, रोज एक कडधान्य, हवे असतील त्यांना आठवड्यातून दोनदा मासे. महिन्याचे सव्वीस दिवस, दुपारचं एकच जेवण, शाकाहारी ३१०० रुपये, मासे घेतले तर ३६००. रविवारी बंद. आणि घरपोच नाही. ज्याचा डबा त्याने येऊन न्यायचा. या शेवटच्या गोष्टीपायी मी पहिल्या दिवशी परत निघाले होते. आज कुणी विचारलं तर सगळ्यात आधी तीच चांगली म्हणून सांगेन.

डबा का लावला ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे वडील, अण्णा, ७७ वर्षांचे. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. गेल्या वर्षी दिवाळीनंतर दादरहून परत येताना ते दिव्याला उतरले. डोंबिवली दोन स्टेशनांवर असताना उतरले आणि फलाटावरच्या बाकावर तासभर बसून राहिले, कारण पुढची गाडी कुठल्या बाजूने धरायची हे आठवेना. ज्या माणसाने अडतीस वर्षं रेल्वेत काढली, लहानपणी मला झोपवताना कल्याणपासून व्हीटीपर्यंतची स्टेशनं उलटसुलट म्हणून दाखवली, तो माणूस दिव्याच्या बाकावर. एका मुलाने त्यांच्या खिशातल्या डायरीतून माझा नंबर काढून फोन केला. मी फोर्टमध्ये ऑफिसात होते. तिथून दिव्यापर्यंतचा तो प्रवास मला जन्मभर विसरता येणार नाही.

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं. तीस गुणांची एक चाचणी असते, तीत अण्णांना २२ पडले. २६ आणि वर ठीक मानतात. चाचणीत घड्याळ काढायला सांगतात आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर दाखवायला सांगतात. अण्णांनी गोल छान काढला, फिटरच्या हाताचा, जवळजवळ कंपासने काढल्यासारखा. मग आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने भरले, आठापर्यंत येईतो गोल डावीकडे रिकामाच राहिला. आणि काटे काढले ते एक अकरावर आणि एक दहावर. कागद डॉक्टरांकडे देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चूक झाली आहे हे त्यांना कळलं होतं, कुठे झाली ते कळत नव्हतं.

रक्तदाब १६४/९२. गोळी चालू होती, पण कधी घ्यायचे, कधी दोनदा घ्यायचे. बी-१२ जीवनसत्त्व अगदी कमी, १४८. साखरेसाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे, त्याने बी-१२ कमी होऊ शकतं, हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. एमआरआयमध्ये बारीक रक्तवाहिन्यांच्या भागात पांढरे ठिपके, म्हणजे वर्षानुवर्षं चढ्या दाबाने झालेली झीज. डॉक्टर अण्णांशी बोलले, माझ्याशी नाही, हे मला फार आवडलं. म्हणाले, "हा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, नाही. त्या मार्गावरचं अलीकडचं स्टेशन आहे. काही जण इथे बरीच वर्षं थांबतात, काही मागेही येतात. तुमच्या हातात आहे ते आपण करू." बी-१२ची इंजेक्शनं, रक्तदाबाची दुसरी गोळी, रोज चालणं, माणसांत मिसळणं, आणि जेवण सुधारणं.

जेवणाचं ऐकून मी आतून हलले. आई गेल्यापासून तीन वर्षं अण्णांचं दुपारचं जेवण काय होतं? मी ७.३१ची फास्ट पकडते. जाताना पोळी-भाजी झाकून ठेवायची. संध्याकाळी येऊन बघावं तर भाजी तशीच, आणि फरसाणाचा डबा अर्धा. खारी, टोस्ट, पापड, लोणचं, वेफर. मुलगा कॉलेजात, तोही तेच खायचा. आम्ही घरात दोन माणसांना दिवसभर मीठच खाऊ घालत होतो. दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चमचाभर, इतकीच मर्यादा आहे. लोणच्याच्या दोन फोडी, दोन पापड आणि मूठभर शेव यांतच तिचा बराच भाग संपतो, आमटी-भाजीतलं वेगळंच.

मेंदूचा आणि मिठाचा काय संबंध, असं मलाही वाटायचं. मेंदू शरीराच्या वजनाचा जेमतेम दोन टक्के, पण शरीराची वीस टक्के ऊर्जा एकटा खातो. ती पोचवणाऱ्या नळ्या केसाहून बारीक. मीठ जास्त तर दाब जास्त, आणि त्या दाबाने पहिल्यांदा झिजतात त्या याच नळ्या. अमेरिकेत रक्तदाबावर एक मोठा प्रयोग झाला होता, त्याचे मेंदूविषयीचे निष्कर्ष २०१९ साली आले. वरचा आकडा १२०च्या खाली ठेवलेल्या गटात स्मरणशक्तीची अशी सुरुवातीची घसरण, अण्णांना आहे तीच, १९ टक्क्यांनी कमी दिसली. अण्णांच्या वयाला किती खाली आणायचं ते डॉक्टर ठरवतात. पण मला एवढं समजलं की पालकाच्या आधी पापडाकडे बघायला हवं.

तर डबा.

पहिल्या दिवशी मी रजा घेऊन अण्णांबरोबर गेले. चार पुड्यांचा स्टीलचा डबा, आपला आपण न्यायचा. घरी येऊन उघडला. खालच्या पुड्यात दोन ज्वारीच्या भाकऱ्या चतकोर करून ठेवलेल्या. वर मेथीची मूगडाळ घालून केलेली परतून भाजी, तिच्या वर मटकीची उसळ, सगळ्यात वर काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर आणि एका बाजूला जवसाची चटणी. तेलाचा तवंग कुठेच नाही. अण्णांनी घास घेतला आणि म्हणाले, "मीठ विसरल्या वाटतं."

तीन आठवडे हेच चाललं. रोज "मीठ विसरल्या". एकदा त्यांनी वरून मीठ भुरभुरलेलं मी पकडलं. मीठदाणी मी माझ्या पर्समध्ये ठेवून ऑफिसला नेऊ लागले. चौथ्या आठवड्यात ते वाक्य बंद झालं. मार्चमध्ये एका लग्नात जेवून आल्यावर म्हणाले, "केवढं खारट होतं गं सगळं." जीभ बदलते, पण तिला महिनाभर तरी द्यावा लागतो. लावणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात डबा बंद करू नये, एवढं कळकळीने सांगते.

त्यांचं स्वयंपाकघर मी एका शनिवारी आत जाऊन पाहिलं. ओट्यावर सोनार वापरतात तसला छोटा काटा आहे. थोरल्या सकाळी एका वाटीत दिवसभराचं मीठ मोजतात, पंचेचाळीस डब्यांना ७० ग्रॅम. म्हणजे डब्यामागे दीड ग्रॅमच्या आसपास. ती वाटी संपली की संपली. चव आणतात ती चिंच, आमसूल, लिंबू, आलं, ओली हळद, तिरफळ यांनी. आमटीत मीठ कमी आहे हे चिंचेमुळे पटकन कळत नाही. जवस त्या मंद भाजून दर चार दिवसांनी ताजा कुटतात. अख्खा जवस पचतच नाही, तसाच पडून जातो, आणि कुटून महिनाभर ठेवला तर खवट होतो. हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी दोन वर्षं अख्खा जवस दह्यावर घालून खात होते.

बुधवार आणि शुक्रवार माशांचे. बांगड्याचं तिखलं, तिरफळ घातलेलं, किंवा तारल्या, कधी पेडवे. सुरमई-पापलेट मागू नका, मिळत नाही आणि मिळू नये असंच माझं मत झालं आहे. मेंदूला जो स्निग्ध पदार्थ लागतो तो बांगडा-तारलीसारख्या स्वस्त, तेलकट माशांत भरपूर असतो. जवसातही त्याच कुळातला आहे, पण त्याचं शरीरात रूपांतर व्हावं लागतं आणि ते फार थोडं होतं. त्यामुळे खाणाऱ्यांनी मासा खावा, न खाणाऱ्यांनी जवस-अक्रोड खावेत, दोन्हींना एकाच मापाने मोजू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बर्फातला मासा न आणता त्या अंड्याची आमटी देतात आणि पन्नास रुपये परत करतात. मी न मागता परत केले.

तिखल्याच्या पहिल्या दिवशीचं सांगायलाच हवं. अण्णांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि थांबले. मग म्हणाले, "सुमी तिरफळ ठेचून घालायची, आत बी राहू द्यायची नाही." सुमी म्हणजे माझी आई. आई गेल्यावर त्यांनी तिचं नाव माझ्यासमोर क्वचितच घेतलं होतं. त्या दुपारी तासभर बोलत होते. कुठल्या वर्षी कुठल्या चाळीत, शेजारी कोण, मासे आणायला कुठे जायचे. सकाळी गोळी घेतली का ते आठवत नाही, आणि १९७४ सालच्या बाजारातली कोळीण आठवते, हे कसं असतं ते डॉक्टरांनी समजावलं आहे, तरी मी ऐकत राहिले.

आता घरपोच नसण्याबद्दल. आमच्या घरापासून ते दुकान पाऊण किलोमीटर. पावणेबारा ते साडेबारा या वेळातच डबा मिळतो. अण्णा साडेअकराला पिशवी घेऊन निघतात, बारा मिनिटांत पोचतात, तासाभराने परत येतात. आधी ते गॅलरीच्या पलीकडे जात नव्हते. आता सकाळी आंघोळ, दाढी, शर्ट इन, कारण "डबा आणायला जायचंय". डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी २०११ सालचा एक प्रयोग सांगितला. १२० वयस्कर माणसं, निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं चालायचं, निम्म्यांनी नुसते ताणाचे व्यायाम. वर्षाच्या शेवटी चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मरणशक्तीचा भाग, हिप्पोकॅम्पस, सुमारे दोन टक्क्यांनी वाढला आणि दुसऱ्यांचा थोडा आकसला. अण्णांचं डब्याचं चालणं चोवीस मिनिटांचं, म्हणून संध्याकाळी नातवाबरोबर आणखी एक फेरी आम्ही जोडली.

दुकानाबाहेर एक लांब लाकडी बाक आहे आणि भिंतीवर फळा. फळ्यावर धाकट्या त्या दिवसाचा बेत लिहितात. नेहमीची सात-आठ माणसं अर्धा-पाऊण तास आधीपासून येऊन बसतात. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्या फळ्यावरचं शुद्धलेखन तपासतात. एक कंपाउंडर होते, एक पोस्टातले. बोलणं कशावरही, पण अण्णा बोलतात. याच बाकावर आम्हाला कळलं की अण्णांना ऐकू कमी येतं. मुख्याध्यापिकाबाई मला एका शनिवारी बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझे वडील सगळ्यांना हो-हो म्हणतात. डाव्या बाजूने बोललं की त्यांना कळत नाही." मी त्यांना एकच गोष्ट चार वेळा सांगायचे आणि विसरले म्हणून चिडायचे. त्यातली निम्मी वाक्यं त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं. एप्रिलमध्ये कानाची यंत्रं घेतली. डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या आणि ज्यांवर काही करता येतं अशा गोष्टींची एक यादी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली सुधारून काढली, तीत चौदा गोष्टी आहेत आणि या सगळ्या आवरल्या तर साधारण ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकेल किंवा लांबेल असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायाम नसणं हे आपल्याला माहीत असतं. कमी ऐकू येणं, कमी दिसणं आणि एकटं पडणं हेही त्यात आहे, हे घराघरात कळायला हवं.

आता तक्रारी. त्याही नीट लिहिते.

सगळ्यात मोठी तक्रार झाकणावरच्या कागदाची. फेब्रुवारीत त्यांनी प्रत्येक डब्याच्या झाकणावर एक रंगीत चिठ्ठी चिकटवायला सुरुवात केली: "रोज पालेभाजी, मेंदू ११ वर्षांनी तरुण!" अण्णांनी ती वाचून मला विचारलं, "म्हणजे मी सहासष्टचा होणार का गं?" आशेने विचारलं. मला ते सहन झालं नाही. मी तो आकडा शोधून काढला. शिकागोच्या रश विद्यापीठात मार्था क्लेअर मॉरिस या संशोधिका होत्या. त्यांनीच २०१५ साली पालेभाज्या, कडधान्यं, सुकामेवा, मासे, बेरी यांच्यावर भर देणारा 'माइंड' आहार मांडला. २०१८ साली त्यांनी ९६० वृद्धांची पाहणी प्रसिद्ध केली. रोज वाटीभर पालेभाजी खाणाऱ्यांची स्मरणशक्ती जवळजवळ न खाणाऱ्यांपेक्षा सावकाश उतरली, आणि तो फरक वयाच्या भाषेत ११ वर्षांइतका भरला. पण ही पाहणी होती. पालेभाजी खाणारा माणूस बाकीही बरंच नीट करत असतो, तो हिशेब कितीही घातला तरी पुरा घालता येत नाही. पुढे याच आहाराचा खरा प्रयोग झाला, ६०४ माणसं, तीन वर्षं, चिठ्ठ्या टाकून दोन गट. २०२३ साली निकाल आला: 'माइंड' आहाराचा गट आणि नेहमीचंच जेवण थोडं कमी खाणारा गट, दोघांत मेंदूच्या चाचण्यांमध्ये म्हणण्यासारखा फरक नाही. दोन्ही गटांचं वजन उतरलं, दोन्ही थोडे सुधारले.

मी हे सगळं घेऊन दुकानात गेले. थोरल्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे खोटं लिहिलंय का आम्ही?" मी म्हटलं, "खोटं नाही, अर्धं आहे. आणि अर्धं वाचून माझ्या वडिलांनी आशा धरली." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या सोमवारी चिठ्ठी बदललेली होती. नुसता बेत आणि खाली "मीठ १.५ ग्रॅम, तेल २ चमचे". तेव्हापासून माझा या बाईंवर पूर्ण विश्वास आहे. मेंदूच्या नावाने काय काय विकलं जातंय ते आपण सगळे पाहतो. महागड्या गोळ्या, चूर्णं, "स्मरणशक्ती परत मिळवा". घाबरलेल्या मुलांच्या खिशावर हे सगळं चालतं. मीही डिसेंबरात साडेचार हजारांची एक बाटली घेतली होती. डॉक्टरांनी बंद करायला सांगितली, कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर ती चालली नसती.

दुसरी तक्रार जुलैतली. त्या दिवशी मुसळधार पाऊस, अण्णा छत्री घेऊन गेले, डबा घेतला, वाटेत आडोशाला थांबले आणि मग त्यांना डबा घेतला की घ्यायचाय हेच आठवेना. पिशवी हातात होती. ते परत दुकानाकडे गेले, तोवर शटर अर्धं खाली. आतल्या मुलीने "वेळ संपली आजोबा" म्हणून त्यांना परत पाठवलं. तिने पिशवीकडे एकदा बघितलं असतं तर पुरे होतं. साठीच्या पुढच्यांसाठी डबा चालवायचा तर मदतीला ठेवलेल्या मुलीलाही तेवढं शिकवायला हवं. मी बोलले. आता तिथे एक वही आहे, डबा दिला की नावापुढे वेळ लिहितात, आणि साडेबारापर्यंत कुणी आलं नाही तर घरी फोन करतात. फोन मला दोनदा आला आहे, दोन्ही वेळा अण्णा बाकावरच गप्पा मारत होते.

तिसरी, गणपतीत आठ दिवस गावी गेल्या आणि दोनच दिवस आधी सांगितलं. ज्यांच्या घरी दुपारी कुणी नसतं त्यांची फार पंचाईत होते. महिनाभर आधी फळ्यावर लिहावं. भाकरी एक वाजेपर्यंत कडक होते, अण्णांना कवळीने चावत नाही, आम्ही सोम-मंगळ पोळी मागून घेतली. उसळ कधी कधी थोडी कच्ची राहते. गोड काहीच नसतं, एकादशीला दोन खजूर. आणि शुद्ध शाकाहारी डबा घेणाऱ्यांनी हा डबा म्हणजे सगळं आलं असं समजू नये. बी-१२ पालेभाजीत नसतं, कडधान्यात नसतं. दूध-दह्यात थोडं असतं, ते पुरेलच असं नाही. रक्त तपासून घ्या. आपल्याकडे ही कमतरता किती घरांत आहे, यावर पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. विसरभोळेपणाच्या ज्या थोड्या कारणांवर साधं औषध आहे, त्यांतलं हे एक.

या महिन्यात अण्णांची चाचणी पुन्हा झाली. २४. डॉक्टर म्हणाले, दोन गुण सवयीनेही वाढतात, दिवस चांगला असला तरी वाढतात, त्यामुळे यावर उड्या मारू नका, पण खाली गेले नाहीत हे चांगलं आहे. रक्तदाब १३२/७८. वजन साडेतीन किलो कमी. बी-१२ जागेवर. यातलं डब्याचं किती, गोळीचं किती, इंजेक्शनांचं किती, कानांच्या यंत्राचं किती, बाकाचं किती, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी दोन प्रयोगांची नावं घेतली. फिनलंडमधल्या १२६० माणसांचा, मिया किव्हिपेल्टो यांचा, २०१५ सालचा, आणि २०२५ सालच्या जुलैत आलेला अमेरिकेतला, २१११ माणसांचा. दोन्हींत आहार, व्यायाम, मेंदूला काम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, सगळं एकत्र दिलं होतं. अमेरिकेतल्या प्रयोगात दोन्ही गटांना हेच करायला सांगितलं होतं. एकाला आपलं आपण करायला, दुसऱ्याला ठरल्या वेळी जमून, सोबतीने. दोन्ही सुधारले, सोबतीने करणारे जास्त. हे ऐकल्यावर मला तो बाक डोळ्यांसमोर आला.

घड्याळ या वेळी मी जवळून पाहिलं. आकडे सगळे आपापल्या जागी होते, बारा वर, सहा खाली. लहान काटा अकरावर. मोठा काटा काढताना अण्णा थांबले, पेन्सिल दहाच्या आकड्यावर टेकली, तिथे एक बारीक टिंब उमटलं. मग त्यांनी पेन्सिल उचलली, ओठ हलवत पाच, दहा असं मोजलं, आणि काटा दोनवर नेला. ते टिंब कागदावर तसंच आहे. डॉक्टरांना विचारून मी तो कागद घरी आणला.

डबा लावायचा असेल तर सध्या जागा नाही, पण एखादा डबा सुटला की यादीतल्या पुढच्या माणसाला त्या स्वतः फोन करतात. आमच्या वेळेला पाच आठवडे लागले. जाताना दोन डबे न्या, एक तिथे राहतो, एक घरी. झाकणावर नाव रंगाने लिहून घ्या, मार्करचं नाव घासताना जातं. डॉक्टरांचा कागद दाखवला तर साखर, किडनी, रक्त पातळ करणारी गोळी हे सगळं त्या वहीत टिपून घेतात आणि त्याप्रमाणे पालेभाजी बदलतात. आणि घरच्या माणसाला शक्य असेल तर स्वतःच्या पायांनी जाऊ द्या, पहिले आठ दिवस तुम्ही दोन पावलं मागून चाला.